दमणच्या गुत्त्यातला ढावलो

रिसोडच्या बाजारात कोणी ना कोणी मले विचारतेच, "रामकिसनभाऊ, दौलतसिंगच्या पार्टीत तुमी क्लारनेट वाजवत होते म्हणे? मंग सोडली काहून?" मी सांगतो, दात पडले. पाहा, बत्तीसच्या बत्तीस शाबूत आहेत. पण लोकाईले माह्याशी काय घेणं? त्याइले दौलतसिंगचं ऐकायचं असते. तो मुंबईले कसा राह्यते, मोटार कोणती घेतली, ते रडकं गाणं त्याले सुचलं कसं. अन ज्याच्या गळ्यातलं ते गाणं, तो त्याच टायमाले मांगून ज्वारीचं पोतं पाठीवर घेऊन येत असते, अन हेच लोक त्याले म्हणतात, "ए हमाल, सरक ना बे जरा."

त्याचं नाव हेमसिंग. वय तिशीच्या आतबाहेर, दिसते पन्नाशीचा. अडत्याच्या वट्यावर झोपते, दोन येळा खाते, कोणाशी बोलत नाई. लग्नाची वरात दिसली की गल्ली बदलते. लोक म्हणतात येडा आहे. येडा बिडा काही नाई तो. त्याचं काय झालं ते मले माहीत आहे, अन सांगताना मलेच लाज वाटणार आहे. म्हणून मधात कोणी टोकू नका.

आसेगावपासून दीड कोसावर देवला नाईकाचा तांडा आहे. पंचवीस-तीस घरं, सगळी लमाणाची. नाईक म्हणजे तांड्याचा मुख्या, तिथं त्याचा शब्द शेवटचा. हेमसिंग तिथला. बाप लहानपणीच गेला. घरी माय रामीबाई, लहान बहीण रुपाबाई अन पवळी नावाची गाय, एवढंच त्याचं जग. नगारा मात्र असा वाजवे, की होळीले तीन तांड्यांचे लोक त्याच्यासाठी चालत येत. दौलतसिंग दुसऱ्या तांड्याचा. पेटी वाजवे, बोलण्यात पटाईत. अन मी रिसोडचा कुणब्याचा पोट्टा. शिरपूरच्या जत्रेत एका बँडवाल्याच्या नादी लागलो, क्लारनेट शिकलो, वखर सोडलं. माह्या मायनं, रंगूबाईनं, तवापासून माह्याशी धड बोलणं टाकलं होतं. आमी तिघं मिळून लग्नाच्या सुपाऱ्या घेत होतो, अन पाच महिने वाजवून सात महिने हात चोळत बसत होतो.

त्रेपन्न सालच्या दिवाळीत अकोल्याचा एक दलाल आला. म्हणे, दमणले चला. इंग्रज गेले, पण दमणले फिरंगी अजून राज्य करून राह्यला. मुंबई इलाख्यात दारूबंदी, म्हणून मुंबई-सुरतेचे शौकीन तिकडे जाऊन पेतात. तिथल्या एका मोठ्या गुत्त्याले सहा महिन्यांसाठी वाजवणारे पाह्यजेत. दौलतसिंगचे डोळे चमकले. म्हणे, "परमुलखात वाजवून आलेली पार्टी म्हटलं की आपलं नाव झालंच समजा."

हेमसिंग तयार नव्हता. तांडा सोडून तो कधी वाशीमच्या पुढं गेला नव्हता. रामीबाईच म्हणाली, जा, रुपाचं लगन आहे उन्हाळ्यात, चार कपडे होतीन. तवा त्यानं एकच अट घातली. "लगनाले मले सुट्टी पाह्यजे. बाप नाई, मीच आहे उभा राह्यले." दौलतसिंगनं गळ्याची शपथ घेतली. माह्या समोर घेतली.

आता ढावलो काय असते ते सांगतो, नाईतर पुढचं समजणार नाई. लमाणाची नवरी घर सोडताना ढावलो म्हणते. म्हणते म्हणजे रडते, पण चालीवर. मायच्या गळ्यात पडून मायच्या नावानं, मंग गायीच्या, चुलीच्या, शेजारणीच्या, नाईकाच्या, अन शेवटी भावाच्या, त्याइच्या बोलीत भायाच्या. एकेकाचं नाव घेऊन निरोप घ्यायचा. तांड्यातल्या म्हाताऱ्या पोरीले वर्सभर आधीपासून शिकवतात. रुपाबाई संध्याकाळी शिके अन कुडाच्या अलीकडे हेमसिंग नगाऱ्याचं कातडं ताणत ऐके. गडीमाणूस ढावलो म्हणत नाई. कोणी मना केलं म्हणून नाई. गड्याले घर सोडून जायाचंच नसते, तर तो म्हणीन कायले?

वाशीमहून आगीनगाडीनं अकोला, मंग भुसावळ, सुरत, अन वापीले उतरून टांग्यानं दमण. नाक्यावर आपल्या शिपायानं कागद पाह्यले, दहा पावलांवर फिरंग्याच्या शिपायानं पाह्यले. हेमसिंगनं मले विचारलं, "भाऊ, म्हणजे आता आपला मुलूख मांगं राह्यला?" मी म्हटलं हाव. तो मांगं वळून पाह्यत राह्यला. दिसत काही नव्हतं, ताडाची झाडं होती नुसती.

गुत्ता म्हणजे समुद्राच्या काठचं लांबलचक टिनाचं घर. लाल दिवे, पंचवीस टेबलं, एका बाजूले फळ्यांचा मंच. मालक गोव्याकडचा किरिस्तांव, मोठा खडूस. दिवे लागले की बसायचं अन शेवटचा दारूडा उठेपर्यंत वाजवायचं. सात-सात तास. मधात भात अन मच्छीचं कालवण मंचावरच यायचं. आमच्या गाण्यांवर खलाशी शिट्ट्या मारत, तवा मालकानं फोनोग्राफ देला अन म्हणाला, ही नाचाची गाणी बसवा. दुपारी तबकडी लावायची, कान लावून सूर पकडायचे, रात्री वाजवायचे. नगारा त्यानं दुसऱ्याच दिवशी बंद केला अन हेमसिंगले पायानं ठोकायचा ढोल देला. हेमसिंगनं तोही चार दिवसांत काबूत आणला. खरं सांगतो, महिन्याभरात आमी असे वाजवाले लागलो की मलेच नवल वाटे. सात तास रोज वाजवलं तर दगडही सुरात येते.

झोपाले मांगची खोली. एका बाजूले रिकाम्या बाटल्या, दुसऱ्या बाजूले सुक्या बोंबलाची पोती. खिडकी नाई. माह्या ओठाले फोड आले, ते फुटून पुन्हा आले. हेमसिंगच्या पायाले गोळे येत. पण त्याची तक्रार पायाची नव्हती. तो रोज एकच विचारे, "आज कोणता दिवस? आता पवळी व्याली असंन का?" भात त्याच्या घशाखाली उतरे ना. म्हणे, याडीच्या हातची भाकर पाह्यजे. याडी म्हणजे त्याइच्या बोलीत माय. दौलतसिंग त्याले चिडवे, "अरे, नवरी तू आहेस का रुपा?" आमी हसत होतो. तोही हसे.

चैतात पत्र आलं. आसेगावच्या मास्तराच्या हातचं, माह्या नावावर, कारण तिघांत वाचता मलेच येत होतं. लग्न पुढच्या गुरुवारी, हेमसिंगनं लगोलग निघावं. आठ दिवस होते. दौलतसिंगनं पत्र माह्या हातात पाह्यलं अन मले बाहेर नेलं. मुंबईच्या एका तबकड्या काढणाऱ्या कंपनीचा माणूस त्या आठवड्यात आमाले ऐकाले येणार होता. "ढोल गेला तर सगळं गेलं. पत्र गुरुवारी वाच. तू खोटं बोलू नको, नुसता उशिरा वाच."

मी उशिरा वाचलं. तबकडीवर माहं क्लारनेट वाजीन, रिसोडात लोक ऐकतीन, माय ऐकीन, एवढ्यासाठी मी ते पत्र आठ दिवस कोटाच्या खिशात ठेवलं. हेमसिंग रोज विचारे, पत्र आलं का. मी म्हणे, पाह्यतो.

गुरुवारी सकाळी मी त्याले वाचून दाखवलं. त्यानं विचारलं, "म्हणजे आज?"

"हाव."

त्यानं दौलतसिंगकडे पाह्यलं, मंग माह्याकडे. शिवी देली असती, मारलं असतं तर बरं झालं असतं. तो बोंबलाच्या पोत्याले टेकून दिवसभर बसला, अन दिवे लागले तसा उठून ढोलामांगं जाऊन बसला.

त्या राती अर्धी गाणी झाल्यावर त्याचा पाय थांबला. आमी वाजवतच होतो. तो उभा राह्यला अन त्यानं रुपाबाईचा ढावलो उचलला. गडीमाणसाच्या जाड आवाजात, लहान पोरीचे शब्द. रामी याडी, तुह्या चुलीपाशी आता कोण बसीन. पवळे, तुले आता कोण सोडीन. देवला नाईका, माह्या याडीले सांभाळजो. डोळ्यातून धारा. एकाही खलाशाले एक शब्द समजला नसंन, पण टेबलावर गिलास ठेवाचा आवाजही कोणी केला नाई. शेवटी भावाची जागा आली. तिथं रुपाबाईनं भावाचं नाव घ्यायचं होतं. तो स्वतःचंच नाव कसं घेईन? तो तिथं थांबला. तोंड उघडं, आवाज नाई. मंग पुढचं एक कडवं म्हणून खाली बसला.

मुंबईचा माणूस त्या राती पहिल्या टेबलावर होता.

दुसऱ्या दिवशी मालक म्हणाला, ते रडणं रोज पाह्यजे. हेमसिंग म्हणाला, नाई. ते माहं नाई, बहिणीचं आहे, ते असं म्हणायचं नसते. दौलतसिंग त्याच्या शेजारी बसला अन गोड बोलू लागला. दौलतसिंगही लमाणच, त्याले काय कळत नव्हतं? पण म्हणे, "फिरंग्याच्या मुलखात आपला कोण बसला आहे? इथलं इथंच राह्यते. तांड्यावर कोण सांगाले जाते? तू महिनाभर म्हण, कंपनीले एकदा म्हणून दे, मंग माह्याकडून सुटला. मालकाचं मी पाह्यतो. सरळ घरी जा." घरी जा म्हटल्यावर हेमसिंग कबूल झाला. घरी जायासाठी तो घर सोडायचं गाणं म्हणाले लागला, अन आमाले कोणालेच त्यात काही वावगं दिसलं नाई.

महिनाभर रोज. आधी आधी तो खरंच रडे. मंग मी पाह्यलं, तो रोज त्याच शब्दावर रडाले लागला. मंग डोळे कोरडे, नुसता आवाज रडे. भावाच्या जागी तो थांबे, ती शांतता मालकाले चाले ना. म्हणे, लोकाईले वाटते गाणं संपलं. तवा दौलतसिंग मले म्हणाला, तिथं तू भर. मी तिथं क्लारनेट भरलं. चांगलं भरलं, मी काय खोटं सांगू. त्या क्लारनेटचीच पुढं लय तारीफ झाली.

मुंबईले दोन दिवसांत तबकडी झाली. तीन मिनिटात बसवाचं म्हणून चार नावं कापली. याडी राह्यली, पवळी राह्यली, नाईक राह्यला, अन भावाच्या जागचं क्लारनेट. वर नाव छापलं दौलतसिंग अन पार्टी. हेमसिंगनं विचारलंही नाई. तो म्हणे, "आता जाऊ ना?" पण गुत्त्याचा करार उरला होता, दौलतसिंगनं हात वर केले अन मालकानं आमाले पुन्हा दमणले नेलं. मृग लागल्यावर सुटलो. तोवर तबकडी आमच्या पुढं निघून गेली होती. दौलतसिंगले कंपनीनं बोलावलं, तो मुंबईले गेला. मी हेमसिंगसंगं आलो. रामीबाईले पत्राचं सांगावं, पाय धरावे, असं मनात होतं.

आसेगावात उतरलो तवा बाजार भरला होता. चहाच्या हॉटेलावर भोंगा लावला होता अन भोंग्यातून हेमसिंग रडत होता. तो रस्त्याच्या मधात उभा राह्यला. हॉटेलवाला मले म्हणाला, "लय चालते बाप्पा ही तबकडी. पण तुमच्या तांड्याच्या बायांनी काय मनावर घेतलं कोण जाणे. त्या निंबाखाली बसून ऐकलं, उठल्या, अन तीन बाजार झाले, इकडे फिरकल्याच नाईत."

हेमसिंगनं तांड्याची वाट धरली. दीड कोस मी त्याच्या मांगं जवळपास धावतच होतो.

रामीबाई दारात आली. त्याइच्या बोलीतलं मी आपल्या बोलीत सांगतो. तिनं पाण्याचा लोटा आणला, त्याच्या पायापाशी ठेवला. "पाय धुवा, पाव्हणे. बसा." आत नवी गोधडी अंथरली होती. घरच्या पोराले कोणी पाय धुवाले लोटा देते का?

"याडी, मले अहो-जाहो काहून करून राह्यली?"

ती चुलीकडे तोंड करून बोलली. "माह्या कानानं ऐकलं. माहं नाव घेतलं, पवळीचं घेतलं, नाईकाचं घेतलं. सगळ्यांचा निरोप घेतला. मी समजली, पोरानं तिकडंच घर केलं. तुह्या वाट्याचं मी सगळं मोकळं केलं. नगारा देवळात सेवाभायाच्या पायाशी वाहला. पवळी रुपाले देली."

"याडी, ते तसं नव्हतं. ते गुत्त्यात म्हणायचं होतं. लोकाईसाठी."

"रुपानं लगनात तुहं नाव घेतलं," ती म्हणाली. "हात पसरून उभी राह्यली. लय येळ उभी राह्यली. मंग दाराच्या मेढीले मिठी मारली. ती तिकडे मेढीले रडत होती, अन तू तिचंच रडणं दारूड्यांपुढं रडत होता."

हीच येळ होती. पत्र माह्या खिशात होतं, मी म्हणाले पाह्यजे होतं, माय, त्याचा दोष नाई. मी तिथं बसून तिच्या हातची भाकर खाल्ली.

देवला नाईक संध्याकाळी आला. वाईट माणूस नव्हता. हेमसिंगच्या पाठीवर हात ठेवूनच बोलला. "पोरा, ज्यानं ढावलो म्हटला त्यानं घर सोडलं. पाव्हणा म्हणून ये, दर वर्साले ये, तुह्यासाठी बकरं कापू. पण घरात परत घ्यायची रीत मी आणू कोठून? असं आजवर कोणी आलंच नाई." हेमसिंगनं त्याचे पाय धरले. म्हणाला, दंड लावा, मारा, वर्सभर वाळीत टाका. नाईक म्हणाला, "गुन्हा केला असता तर दंड लावला असता."

तीन दिवस त्याले पाव्हण्यासारखं ठेवलं. तो शेजारच्या गोठ्यात शेण काढाले गेला, शेजारणीनं हातातून टोपलं काढून घेतलं. तो पाणी भराले निघाला, रामीबाईनं घागर धरली. रात्री तो उठून रिकाम्या दाव्यापाशी बसे. मी पडल्या पडल्या पाह्यत होतो.

चौथ्या दिवशी सकाळी तिनं त्याच्या उपरण्यात नारळ बांधलं, तांदूळ टाकले, जसं सासरी जाणाऱ्या लेकीले देतात. तांड्याच्या शिवेपर्यंत सगळ्या बाया आल्या. तिथं रामीबाई थांबली. म्हणाली, "यंत्रातून घेतलेला निरोप माह्या जीवाले लागत नाई. माह्या तोंडापुढं घे, मंग जा."

तो तिच्या गळ्यात पडला अन त्यानं ढावलो उचलला. अन बापा, काय सांगू, ती तबकडीच होती. तेच तीन मिनिटांचं माप, तोच शब्द आला की तोच आवाजाचा कंप, अन डोळे कोरडे. उजवा पाय जमिनीवर ढोल ठोकून राह्यला होता. त्याले ते समजत होतं. त्याचं तोंड पाह्यवत नव्हतं. त्याले खरंखुरं रडाचं होतं अन रडणं येत नव्हतं, सगळं दमणले खर्च होऊन गेलं होतं. बाया एकमेकीकडे पाहू लागल्या.

कापलेली नावं कापलेलीच राह्यली. याडी झाली, पवळी झाली, नाईक झाला. मंग भावाची जागा आली, अन तो थांबला. क्लारनेटची पिशवी माह्या काखेत होती. ती मी दोन्ही हातांनी दाबून धरली.

तो तसाच, तोंड उघडं. ढावलो अर्धा सोडता येत नाई, हे तिथं सगळ्यांले माहीत होतं.

मंग रामीबाईनं त्या जागी त्याचं नाव घेतलं. चालीवर घेतलं, जसं रुपाबाईनं घेतलं असंन. "हेमसिंग भाया." एकदाच. त्याच्या गळ्यातून तवा खरं रडणं फुटलं. तिनं त्याचे हात आपल्या मानेवरून सोडवले, अन निरोप पुरा झाला म्हणून बाया घरी वळल्या.